आगळीक न करण्याचे वचन

मलकपेठेच्या पूर्वेकडील बाजूस, मुसारामबाग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीनजीक, एका टेकडीवर काळ्या दगडाचा उंच स्तंभ उभा आहे. निजाम अलीखानाच्या पदरी असलेला फ्रेंच सेनानी रेमों याची ही समाधी. जुन्या मराठी कागदपत्रांत फ्रेंच सरदारांच्या नावामागे ‘मुसा’ हे बिरुद लावण्याचा प्रघात होता; त्या मुसा रेमोंचे हिंदूंनी मुसाराम केले, मुसलमानांनी मुसारहीम केले, आणि पुढे वस्तीलाही तेच नाव चिकटले. रेमों २५ मार्च १७९८ रोजी वारला. त्यास सात महिने होतात न होतात तोच, २२ ऑक्टोबर रोजी, त्याने उभारलेली सुमारे चौदा हजारांची कवायती फौज याच शहरात निःशस्त्र करण्यात आली. हे ज्या सत्तेने घडवून आणले ती सत्ता त्या वेळी स्वतःच्याच कायद्याने एका वचनात बांधलेली होती. ते वचन असे, की हिंदुस्थानात आपण होऊन युद्धास आरंभ करावयाचा नाही.

अण्वस्त्रांचा प्रथम वापर न करण्याचे जे वचन आज काही राष्ट्रांनी दिले आहे व ज्यात आपले राष्ट्रही आहे, ते पाळले जाईल काय, हा प्रश्न वरच्या वर्गांतील विद्यार्थी हटकून विचारतात. त्याचे उत्तर देताना आपण शिक्षक मंडळी बहुधा शास्त्रज्ञांची किंवा मुत्सद्द्यांची भाषा उसनी घेतो. परंतु इतिहासाच्या अध्यापकाला दूर जाण्याचे कारण नाही. आगळीक न करण्याचे वचन, त्याला जोडलेला अपवाद, आणि त्या अपवादाने वचनाची केलेली वाताहत, हे सारे प्रकरण निजामाच्या आणि मराठ्यांच्या भूमीवर एकदा घडून गेलेले आहे. शस्त्रे निराळी होती हे खरे. तोफगोळ्याने एक बुरूज ढासळतो, अणुबाँबने नगर नाहीसे होते, आणि हा फरक मोठाच आहे. पण वचन देणारा मनुष्य आणि त्याचा अर्थ लावणारा मनुष्य यांत फारसा फरक पडलेला दिसत नाही.

१७८४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने पिटचा इंडिया कायदा संमत केला. त्यात असे घोषित करण्यात आले की, हिंदुस्थानात मुलूख जिंकण्याच्या व राज्य वाढविण्याच्या योजना आखणे हे ब्रिटिश राष्ट्राच्या इच्छेला, इभ्रतीला व धोरणाला विरोधी आहे. म्हणून संचालकांच्या स्पष्ट हुकुमावाचून गव्हर्नर-जनरलने युद्ध पुकारू नये, किंवा युद्धास कारण होईल असा तहही करू नये. हा सात्त्विकपणा कोठून आला, हे मराठी वाचकाला सांगण्याची जरुरी नाही. १७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे झालेली मानहानी, १७८० साली हैदरअलीने पोल्लिलूर येथे उडविलेला धुव्वा, १७८२ चा सालबाईचा तह, आणि या साऱ्यांतून कंपनीच्या डोक्यावर झालेले कर्ज, यांचे ते फळ होते. हात पोळल्यावर घेतलेली ती शपथ होती. तरीही ती खोटी होती असे म्हणता येत नाही. कारण १७९३ च्या सनदेच्या कायद्यात तिचा पुन्हा उच्चार झाला.

त्या कलमाला मात्र एक अपवाद जोडलेला होता. शत्रूने प्रत्यक्ष युद्धास आरंभ केला असेल, किंवा आरंभ करण्याची तयारी चालविली असेल, आणि ती कंपनीविरुद्ध अथवा कंपनीने तहान्वये ज्यांच्या रक्षणाची हमी घेतली आहे अशा संस्थानिकाविरुद्ध असेल, तर गव्हर्नर-जनरलास मोकळीक होती. ‘तयारी’ हा एक शब्द, आणि ‘हमी’ हा दुसरा. पुढील वीस वर्षांचा दक्षिणेचा इतिहास या दोन शब्दांतून वाहत गेला आहे.

पहिली पळवाट कॉर्नवॉलिसने काढली, आणि तीही मोठ्या सभ्यपणे. नवा तह करण्यास कायद्याची आडकाठी होती. म्हणून ७ जुलै १७८९ रोजी त्याने निजामाला एक पत्र लिहिले आणि हे पत्र तहाइतकेच बंधनकारक समजावे असे कळविले. जुन्या तहान्वये निजामाला द्यावयाच्या पलटणी कंपनीच्या दोस्तांविरुद्ध वापरू नयेत असे सांगून त्याने त्या दोस्तांची यादी दिली. तीत पेशवे होते, शिंदे होते, नागपूरकर भोसले होते; टिपूचे नाव तेवढे नव्हते. कायद्याचे अक्षर शाबूत राहिले, आणि श्रीरंगपट्टणास जो बोध व्हावयाचा तो झाला. वचन मोडण्याची ही रीत मला सर्वांत बोलकी वाटते. यात कोणी काही मोडल्याचे दिसतच नाही.

यानंतर १७९५ साल उजाडले. चौथाई-सरदेशमुखीच्या थकबाकीवरून पुण्याचा व हैदराबादचा तंटा विकोपास गेला. गोविंदराव काळे यांच्यासारखा मुरब्बी वकील निजामाच्या दरबारी असूनही तो मिटला नाही. निजामाची भिस्त इंग्रजांवर होती. १७९० साली टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम व पेशवे असे तिघे एकत्र आले होते. तेव्हा एका दोस्तावर संकट आले असता दुसरा धावून येईल असे त्याला वाटले. त्या वेळचा गव्हर्नर-जनरल सर जॉन शोअर याने कायदा वाचला, तह वाचला, आणि निर्णय दिला: दोन्ही पक्ष आमचे दोस्त आहेत, एकासाठी दुसऱ्याशी लढण्याचे बंधन आमच्यावर नाही, आणि १७८४ चा कायदा आम्हाला स्वस्थ राहावयास सांगतो. निजामाच्या चाकरीत असलेल्या इंग्रजी पलटणींनाही त्याने मराठ्यांविरुद्धच्या लढाईत उतरू दिले नाही. ११ मार्च १७९५ रोजी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डे येथे काय झाले ते शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. रेमोंच्या पलटणी धैर्याने लढल्या. पण खुद्द निजामानेच माघार घेऊन खर्ड्याच्या गढीचा आश्रय केला, आणि तह होऊन दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन झाला.

खर्ड्याची गोष्ट सांगताना आपण विजयापाशी थांबतो. पुढचा भाग तितकाच शिकण्यासारखा आहे. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वारले, पुण्यात गादीचा घोळ सुरू झाला, आणि खर्ड्याच्या तहाची शाई पुरती वाळण्यापूर्वीच, ऑक्टोबर १७९६ मध्ये, नाना फडणिसांनी महाड येथे निजामाशी नवा करार करून खर्ड्याच्या लाभावर पाणी सोडले. कारण त्या घटकेला त्यांना निजामाचे साह्य हवे होते. जो तह जिंकणाऱ्यानेच मोडीत काढला, त्याबद्दल हरणाऱ्याला दोष काय द्यावा? इंग्रजांच्या वचनभंगाची झडती घेताना ही गोष्ट आपण दृष्टीआड करू नये.

शोअरने हात आखडल्यामुळे निजामाचा इंग्रजांवरील विश्वास उडाला. त्याने इंग्रजी पलटणींना निरोप दिला आणि रेमोंची फौज वाढविली. इंग्रजांनी वचन तंतोतंत पाळले, आणि त्या पाळण्यातूनच हैदराबादेत फ्रेंच फौज मोठी झाली. मग १७९८ मध्ये वेलस्ली आला. कायदा तोच होता, कलम तेच होते, एक अक्षर बदललेले नव्हते; बदलला होता तो वाचणारा. मॉरिशसच्या फ्रेंच गव्हर्नराने टिपूला साह्य देण्याविषयी जाहीरनामा काढला होता. वेलस्लीच्या लेखी ती ‘तयारी’ ठरली. निजामाच्या पदरची फ्रेंचांची फौज ही त्याच तयारीची दुसरी बाजू ठरली. १ सप्टेंबर १७९८ रोजी निजामाशी तह झाला, मद्रासेकडून पलटणी आल्या, आणि रेमोंच्या मागे पेरोंच्या हाताखाली गेलेल्या त्या फौजेची शस्त्रे जवळजवळ रक्तपातावाचून काढून घेण्यात आली. पुढच्या वर्षी श्रीरंगपट्टण पडले.

अपवादातील दुसरा शब्द, ‘हमी’, याचा उपयोग याहून खोल होता. १७९८ व १८०० च्या तहांनी निजाम कंपनीच्या छत्राखाली आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी, यशवंतराव होळकरांपुढे पुणे सोडून पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने वसई येथे सही केली, आणि पेशवाही त्याच छत्राखाली आली. म्हणजे आता निजामाच्या किंवा पेशव्याच्या सरहद्दीवर कोणी नुसता तंबू ठोकला तरी ती कंपनीविरुद्धची तयारी ठरू शकत होती. वचन अरुंद करण्याची गरज उरली नव्हती. अपवाद रुंद केला की काम भागत होते.

१८०३ च्या उन्हाळ्यात दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजा निजामाच्या सरहद्दीनजीक, अजिंठ्याच्या घाटाच्या अलीकडे-पलीकडे, एकत्र झाल्या. इकडे कर्नल स्टीव्हन्सन निजामाच्या तैनाती फौजेसह औरंगाबादच्या बाजूस होता, आणि जनरल आर्थर वेलस्ली अहमदनगरच्या रोखाने येऊन बसला होता. कर्नल कॉलिन्स हा इंग्रजांचा रेसिडेंट शिंद्यांच्या छावणीत होता. त्या पावसाळ्यात जी बोलणी चालली ती आजच्या निःशस्त्रीकरणाच्या बैठकांत शोभावी अशी आहेत. इंग्रज म्हणाले, तुमचा हेतू शुद्ध असेल तर फौजा मागे न्या. शिंदे-भोसले म्हणाले, आम्ही आमच्या मुलखात आहोत, निजामाची हद्द ओलांडलेली नाही, ओलांडण्याचा विचार नाही. तुमचा हेतू शुद्ध असेल तर तुम्ही मागे जा. अखेरीस त्यांनी एक तोड सुचविली. इंग्रजांनी आपल्या फौजा मद्रास, श्रीरंगपट्टण व मुंबई येथील ठाण्यांवर पोहोचण्याचा दिवस मुक्रर करावा. त्याच दिवशी आम्ही बऱ्हाणपुरास पोहोचू. जनरल वेलस्लीला हे मान्य होण्यासारखे नव्हते, कारण त्याच्या फौजांना शेकडो कोस जावयाचे होते आणि मराठ्यांना फार तर पन्नास. त्याच्या दृष्टीने बघितले तर त्यात तथ्यही होते. उलट शिंदे-भोसले होळकरांना आपल्यात ओढण्यासाठी वेळ काढीत होते, हेही नाकारता येत नाही. परंतु त्यांनी हद्द ओलांडली नव्हती, ही वस्तुस्थिती राहतेच. ३ ऑगस्ट रोजी कॉलिन्सने छावणी सोडली. ६ ऑगस्टला हैदराबादेत निजाम अलीखान मरण पावला. ८ ऑगस्टला अहमदनगरच्या पेठेवर हल्ला झाला, आणि २३ सप्टेंबर रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या रानात जे व्हावयाचे ते झाले.

मागे कोणी आधी सरावे, या एका प्रश्नावर मराठी सत्तेचे कंबरडे मोडले. दोन्ही पक्ष म्हणत होते की आम्ही आगळीक करणार नाही, आणि दोघांनाही समोरच्याचे जागेवर उभे असणे हीच आगळीक वाटत होती. विलायतेत या युद्धाबद्दल नापसंती व्यक्त झाली, वेलस्लीला परत जावे लागले, पार्लमेंटात त्याच्यावर दोषारोपाचे प्रयत्नही झाले. शिक्षा मात्र झाली नाही. आणि दिल्ली, दोआब, भडोच, कटक हे मुलूख ज्यांचे त्यांना परत मिळाले नाहीत.

आपल्याकडे असे वचन दिल्याची व मोडल्याची कथा फार जुनी आहे. कुरुक्षेत्रावर युद्धापूर्वी दोन्ही पक्षांनी धर्मयुद्धाचे नियम ठरविले, आणि अभिमन्यूच्या वधापर्यंत त्यांचे काय झाले ते सर्वश्रुत आहे. शस्त्र न धरण्याचे वचन दिलेला श्रीकृष्णही भीष्मावर धावून गेलाच. कीर्तनकार त्याचे समर्थन भक्तीने करतात. इतिहासाला ती सोय नाही.

आधुनिक युद्धांत या प्रकारच्या वचनाची खरी कसोटी विषारी वायूने घेतली. १८९९ साली हेग येथे युरोपीय राष्ट्रांनी असे ठरविले की, गुदमरविणारे वायू पसरविणे एवढाच ज्यांचा हेतू आहे असे गोळे वापरावयाचे नाहीत. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरिन सोडला तो गोळ्यांतून नव्हे, नळकांड्यांतून. आणि मग शब्दांवर बोट ठेवून वाद घातला. कॉर्नवॉलिसच्या यादीची येथे आठवण होते. १९२५ च्या जिनीव्हा करारावर सह्या करताना ब्रिटन, फ्रान्स आदी अनेक राष्ट्रांनी शर्त घातली की, समोरच्याने वायू वापरला तर आमच्यावर बंधन नाही. म्हणजे तो व्यवहारात प्रथम वापर न करण्याचाच करार झाला. इटलीने तो स्वीकारलेला होता, ॲबिसिनिया १९३५ मध्ये त्यात सामील झाला, आणि त्याच युद्धात इटलीने त्या देशावर विषारी वायूचा पाऊस पाडला. उलट दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या रणांगणावर दोन्ही पक्षांजवळ वायूचे मोठे साठे असूनही ते वापरले गेले नाहीत. कारण उघड आहे. ॲबिसिनियाजवळ परत फेकण्यास काही नव्हते.

अण्वस्त्रांच्या बाबतीत हे वचन पहिल्यांदा चीनने दिले, १६ ऑक्टोबर १९६४ रोजी, आपला पहिला स्फोट केला त्याच दिवशी. यशवंतराव चव्हाण त्या वेळी आपले संरक्षणमंत्री होते आणि १९६२ ची जखम ओली होती. त्या वचनावर येथे फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. तरीही चीनने ते आजतागायत मागे घेतलेले नाही. त्या वेळी एका स्फोटापुरते सामर्थ्य असलेल्या त्या देशाजवळ आज ही शस्त्रे शेकड्यांनी आहेत, त्यामुळे वचन तेच असले तरी देणारा तोच राहिला आहे असे म्हणवत नाही. सोव्हिएत रशियाने १९८२ मध्ये असेच वचन दिले. तेव्हा युरोपात त्याचे रणगाडे व पायदळ प्रतिपक्षापेक्षा भारी होते, आणि म्हणूनच अमेरिकेच्या गोटाने तसे वचन देण्याचे नाकारले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघराज्य कोसळले, सैन्य खिळखिळे झाले, आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये रशियाने ते वचन सोडून दिले. कंपनीने बळ आल्यावर वचन गुंडाळून ठेवले. रशियाने बळ गेल्यावर ठेवले. वरवर पाहता ही उदाहरणे परस्परविरोधी आहेत, परंतु दोन्हींत एक गोष्ट समान आहे. वचन ज्या दिवशी दिले त्या दिवशीचा तराजू पुढे राहिला नाही.

आता आपले वचन. ११ व १३ मे १९९८ रोजी पोखरण येथे स्फोट झाल्यावर प्रधानमंत्री वाजपेयी यांनी प्रथम वापर न करण्याचे धोरण जाहीर केले. १७ ऑगस्ट १९९९ रोजी त्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, आणि ४ जानेवारी २००३ रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने ते निश्चित केले. या मधल्या पाच वर्षांत कारगिलचे युद्ध झाले, संसदेवर हल्ला झाला, सीमेवर दहा महिने फौजा उभ्या राहिल्या, वचन टिकले. ही नोंद आपण अभिमानाने करावी. पण २००३ च्या निवेदनात एक अपवाद आला: भारतावर किंवा कोठेही असलेल्या भारतीय सैन्यावर जैविक अथवा रासायनिक शस्त्रांचा मोठा हल्ला झाल्यास अण्वस्त्राने उत्तर देण्याचा मार्ग खुला राहील. हे पार्लमेंटने केलेल्या कायद्याचे कलमही नव्हे. मंत्रिमंडळाच्या समितीचे निवेदन आहे. १७८४ चे कलम कायद्यात असूनही त्याचा अर्थ वाचणाऱ्यावर अवलंबून राहिला, हे लक्षात घेता या फरकाला मी अवास्तव महत्त्व देत नाही. पण तो आहे.

वाचणारे बदलू शकतात, याची चाहूलही लागून गेली आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी, आपण स्वतःला असे बांधून का घ्यावे, असा प्रश्न जाहीरपणे केला. हे आपले वैयक्तिक मत असल्याचेही त्यांनी सांगितले. १६ ऑगस्ट २०१९ रोजी राजनाथ सिंह पोखरण येथे म्हणाले की, आजवर हे धोरण आपण पाळले आहे, पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून राहील. दोघांच्या स्पष्टवक्तेपणाबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परिस्थिती बदलली की वाचन बदलते, हे त्यांनी उघड सांगितले इतकेच. शोअर आणि वेलस्ली यांनी ते न सांगता केले.

मला अधिक विचारात पाडते ती दुसरी गोष्ट. ‘आम्ही आधी मारणार नाही’ या वचनाला वजन येत होते ते एका व्यवस्थेमुळे: शांततेच्या काळात आपले स्फोटक अग्र एकीकडे आणि क्षेपणास्त्र दुसरीकडे ठेवले जात असे, अशी सर्वसाधारण समजूत होती. ज्याचे शस्त्र जोडावयास वेळ लागतो त्याच्या वचनावर शेजारी विश्वास ठेवू शकतो. मलकपेठेपासून फार दूर नसलेल्या कांचनबाग येथील प्रयोगशाळांत अग्नी क्षेपणास्त्रांची घडण झाली. अग्नी-५ हे ३१ जानेवारी २०१५ रोजी बंद नळकांड्यातून सोडून पाहण्यात आले, आणि अरिहंत ही अणुपाणबुडी पहिली गस्त घालून आल्याचे नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झाले. बंद नळकांड्यात व पाणबुडीत शस्त्र जोडूनच ठेवावे लागते, असे जाणकार सांगतात. पहिला घाव सोसूनही उत्तर देता यावे यासाठी ही साधने हवीत, आणि त्या अर्थी ती वचनाला पूरकच आहेत. पण पलीकडून पाहणाऱ्याला ती ‘तयारी’ दिसते. अजिंठ्याच्या घाटाशी उभ्या असलेल्या फौजांसारखीच ती दोन्ही अर्थांनी वाचता येतात.

आपल्या पदरी एक न शोभणारी नोंदही आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये भारत व पाकिस्तान यांनी रासायनिक शस्त्रे तयार करणार नाही व वापरणार नाही असे संयुक्तपणे जाहीर केले. १९९७ मध्ये जागतिक करार अमलात आला तेव्हा, आपल्याजवळ अशा शस्त्रांचा साठा असल्याचे भारताला सांगावे लागले. तो २००९ पर्यंत देखरेखीखाली नष्ट करण्यात आला. शब्द एकट्याने जे करू शकला नाही ते तपासनिसांच्या फेऱ्यांनी केले.

याच दोन देशांमधील एक वचन मात्र निमूटपणे पाळले गेले आहे, आणि त्याची चर्चा क्वचितच होते. ३१ डिसेंबर १९८८ रोजी, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करावयाचा नाही, असा करार झाला. त्यात एक छोटे कलम आहे: दरवर्षी १ जानेवारीस दोघांनी आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांस द्यावयाच्या. १९९२ पासून दिल्लीत व इस्लामाबादेत त्या एकाच वेळी दिल्या जातात. कारगिलच्या दुसऱ्या वर्षी त्या दिल्या गेल्या. २००२ च्या १ जानेवारीस सीमेवर सैन्य एकमेकांसमोर ठाकले असतानाही दिल्या गेल्या. पुलवामा आणि बालाकोटच्या पुढच्या वर्षीही दिल्या गेल्या. त्या कराराला ‘तयारी’चा अपवाद जोडलेला नाही.